मूकपटांच्या पार्श्वभूमीतील मांजर : अहेतुक साक्षीचा विचार

१

मूकपटांच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा तीन अंगांनी केला जातो. दिग्दर्शक व नट यांचे कर्तृत्व हे पहिले अंग, यंत्रे व तंत्र यांचा विकास हे दुसरे, आणि व्यवसाय व प्रेक्षकवर्ग यांची घडण हे तिसरे. या तिन्ही अंगांनी विचार करताना अभ्यासकाची दृष्टी चौकटीच्या मध्यभागी खिळलेली असते. कारण चित्रपट करणाऱ्याने जे दाखवावयाचे ठरविले, ते तेथेच असते. चौकटीच्या कडेला, नटांच्या पाठीमागे, पायरीवर, कुंपणावर किंवा दाराच्या फटीत जे उमटले आहे, त्याची नोंद सहसा होत नाही. अलीकडे मात्र जुन्या चित्रपटांचे काही जिज्ञासू प्रेक्षक नेमक्या याच भागाकडे लक्ष देऊ लागले आहेत, आणि त्यांच्या शोधाचा एक आवडता विषय मांजर हा आहे. कथेशी काही संबंध नसलेले मांजर दृश्यातून जाते, थांबते, अंग चाटते आणि निघून जाते. अशी मांजरे हेरून त्यांची टिपणे ठेवणे हा प्रथमदर्शनी रिकामपणचा उद्योग वाटेल.

परंतु या उद्योगाच्या मुळाशी इतिहासशास्त्रातील एक गंभीर प्रश्न आहे. एखाद्या साधनात हेतुपूर्वक ठेवलेले काय आणि नकळत राहून गेलेले काय, हे कसे ओळखावयाचे? मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने इतिहासाच्या पद्धतीविषयी लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. सांगण्याच्या हेतूने दिलेली साक्ष आणि तसा हेतू नसताना उरलेली साक्ष, असा भेद त्याने त्यात केला आहे. आणि दुसऱ्या प्रकारच्या साक्षीवर इतिहासकाराचा भर उत्तरोत्तर वाढत गेल्याचे नमूद केले आहे. मूकपटातील बिनबोलावलेले मांजर हे या दुसऱ्या प्रकाराचे जवळजवळ निर्भेळ उदाहरण होय. मात्र ते बिनबोलावलेले होते हे आधी सिद्ध करावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हे सिद्ध करण्याची रीत हाच आहे.

मराठीत मांजर 'आडवे जाते'. वाटसरूचा हेतू एका दिशेने चाललेला असतो आणि मांजर त्या हेतूला छेद देऊन जाते, असा या वाक्प्रयोगाचा भाव आहे. शकुनाची कल्पना बाजूला ठेवली तरी पार्श्वभूमीतील मांजराचे वर्णन करण्यास हा प्रयोग फार सोयीचा आहे. दिग्दर्शकाच्या हेतूला जे आडवे जाते, तेच येथे अभ्यासाचे द्रव्य आहे.

२

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आद्य चलच्चित्रांत मांजरे पुष्कळ आहेत; परंतु त्यांतील नामांकित मांजरे बहुतेक सर्व बोलावलेली आहेत. एडवर्ड मायब्रिज याच्या १८८७ सालच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात चालणाऱ्या व धावणाऱ्या मांजरांचे फलक आहेत. एत्येन-झूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये उलटे धरून सोडलेले मांजर हवेतच वळून पायांवर कसे उतरते, याची छायाचित्रमालिका तयार केली. आधार नसताना शरीर हवेत वळू शकते की नाही, हा त्या वेळी विद्वानांमध्ये वादाचा विषय होता. मांजर सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन वळते, अशीही एक कल्पना होती. मारेच्या चित्रांनी ती खोडून काढली. येथे मांजर हा प्रयोगाचा विषय आहे, आणि त्याला धरणारा हात चित्रात असणे हा त्या प्रयोगाचाच भाग आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, एडिसनच्या न्यू जर्सीतील 'ब्लॅक मराया' या चित्रणगृहात वेल्टन नावाच्या खेळ करणाऱ्याची दोन मांजरे मुष्टियुद्ध करताना चित्रित झाली. लुई ल्युमिएरने एका लहान मुलीचे व तिच्या मांजराचे चित्रण १९०० च्या सुमारास केले. इंग्लंडमध्ये होव्ह येथे जॉर्ज अल्बर्ट स्मिथ याने १९०० साली 'आजीचे वाचनाचे भिंग' या आशयाच्या नावाचा चित्रपट केला. त्यात भिंगातून दिसणाऱ्या वस्तूंमध्ये मांजराचे मोठे डोके आहे. त्याच्याच १९०३ सालच्या 'आजारी पिल्लू' या लघुपटात मुले पिलाला चमच्याने औषध देतात, आणि त्या क्षणी चित्र एकदम जवळून घेतलेले आहे. निकटदृश्याच्या इतिहासात या दोन चित्रपटांचा उल्लेख नेहमी होतो.

पुढील कथापटांत मांजराला अर्थही प्राप्त झाला. मुर्नाऊच्या १९२२ सालच्या 'नोस्फेरातू'मध्ये आरंभी नायिका एलेन खिडकीत मांजराच्या पिलाशी खेळताना दिसते. घरातील निर्धास्तपणाचे ते चिन्ह आहे. पाउल लेनीच्या १९२७ सालच्या 'द कॅट अँड द कॅनरी'मध्ये तर पैशावर टपलेले नातेवाईक काळ्या मांजरांच्या रूपाने दाखविले आहेत. तेथे मांजर हे सरळसरळ रूपक आहे. मूकपटांच्या काळातील सर्वांत लोकप्रिय मांजर कोणते, असे विचारले तर १९१९ मध्ये पडद्यावर आलेल्या 'फेलिक्स'चे नाव घ्यावे लागेल. आणि ते तर कागदावर काढलेले होते. रेखाचित्रपटात आगंतुकाला जागाच नसते. तेथील प्रत्येक रेषा कोणीतरी काढलेली असते. म्हणून तेथील मांजराची शेपटीसुद्धा आपणहून हलत नाही.

ही सर्व मांजरे चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाची आहेत. परंतु ती जे सांगतात, ते त्यांच्या योजकांनी त्यांच्याकडून वदवून घेतलेले आहे.

३

चलच्चित्राच्या जन्मापासूनच हेतूबाहेरचे काहीतरी त्यात शिरले, आणि प्रेक्षकांना ते ताबडतोब जाणवले. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी झालेल्या ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या जाहीर सशुल्क खेळात बाळाला भरविण्याचे एक दृश्य होते. त्यात मुख्य विषय बाळ व त्याचे आईवडील हा आहे. परंतु पाठीमागे झाडाची पाने वाऱ्याने हलतात, याचेच तेव्हाच्या प्रेक्षकांना विशेष नवल वाटले, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. नाटकातील झाड हे रंगविलेले असते. त्याची पाने कोणी हलविली तरच हलतात. येथे मात्र कोणीही न सांगता पाने हलत होती. पडद्यावरील जग रचलेल्या दृश्याच्या पलीकडेही आपल्या गतीने चालू आहे, याची ती पहिली खूण होती.

कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार हे ल्युमिएरचे चित्र या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा जो पहिला खेळ झाला, त्याच्या सहा चित्रांच्या कार्यक्रमातही या विषयाचे चित्र होते. या दृश्याची वेगवेगळ्या वेळी घेतलेली तीन चित्रणे आज ज्ञात आहेत. त्यांना अभ्यासकांनी कशावरून नावे दिली, हे पाहण्यासारखे आहे. एकात फाटकातून एका घोड्याची गाडी बाहेर येते, दुसऱ्यात दोन घोड्यांची गाडी येते, आणि तिसऱ्यात घोडाच नाही. म्हणून 'एक घोडा', 'दोन घोडे' व 'बिनघोडा' अशी त्यांची ओळख रूढ झाली आहे. कामगारांच्या गर्दीत एक कुत्राही वावरताना दिसतो. चित्राचा विषय कामगार हा होता. परंतु एका चित्रणापासून दुसरे वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण जनावरांनी पुरविली.

याच काळातील चित्रणांत माणसे मात्र विश्वासार्ह साक्षीदार राहत नाहीत. रस्त्यावरचा माणूस यंत्र दिसताच थांबतो, टक लावून पाहतो, टोपी सारखी करतो किंवा मुद्दाम पुन्हा समोरून जातो. चॅप्लिनचा भटक्या ज्या चित्रपटातून ७ फेब्रुवारी १९१४ रोजी प्रथम प्रेक्षकांसमोर आला, त्या मुलांच्या मोटारशर्यतीवरील चित्रपटाचा सारा विनोद याच प्रवृत्तीवर उभा आहे. तो पुनःपुन्हा कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहतो, आणि मागील खरे प्रेक्षक त्याच्याकडे व यंत्राकडे पाहत असतात. माणसाला चित्रात येण्याचा अर्थ कळतो, आणि तो कळला की त्याचे वागणे बदलते. मांजराला तो कळत नाही. ते यंत्राकडे पाहील, कदाचित त्याच्या पायाला अंगही घासील. परंतु आपले चित्र राहणार आहे म्हणून चाल बदलणार नाही.

आता मूकपटांच्याच काळात अशा आगंतुकांना एवढी संधी का मिळाली, हे पाहिले पाहिजे. पहिले कारण प्रकाशाचे. विजेचे दिवे पुरेसे समर्थ होण्यापूर्वी चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. मेलिएसने १८९७ मध्ये माँत्रय येथे बांधलेले चित्रणगृह काचेचे होते. कॅलिफोर्नियात तर उघड्या मंचावर भिंती उभ्या करून वर मलमलीसारखे पातळ कापड ताणीत व उन्हाचा झोत सौम्य करीत. अशा जागेत शिरण्यास मांजराला दार शोधावे लागत नसे. दुसरे कारण चित्रणाच्या रीतीचे. आरंभीच्या काळात कॅमेरा एका जागी स्थिर असे आणि दृश्य दूरवरपर्यंत स्पष्ट दिसे. त्यामुळे अंगण, जिना, गल्ली हे सर्व एका चौकटीत येई. तिसरे कारण काटकसरीचे. नटाचा अभिनय जमला असेल, तर कोपऱ्यातील मांजरासाठी फीत पुन्हा खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. चौथे कारण ध्वनीच्या अभावाचे. मूकपटाच्या वेळी मांजर ओरडले तरी बिघडत नसे.

बोलपट आल्यावर चित्रणगृहाच्या भिंती जाड झाल्या, दारे बंद झाली, आणि शांतता ही पहिली अट ठरली. हा फरक पुढील काळातील एका प्रसिद्ध प्रसंगावरून स्पष्ट होतो. १९७२ सालच्या 'द गॉडफादर' या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या मांडीवर जे मांजर आहे, ते संहितेत नव्हते. दिग्दर्शक कोपोला याने ते चित्रणगृहाच्या आवारात सापडलेले मांजर आयत्या वेळी नटाच्या हाती दिले. त्याची गुरगुर ध्वनिमुद्रणात एवढी उतरली की काही संवाद अस्पष्ट झाले, असे सांगितले जाते. मूकपटात या गुरगुरीने कोणाचेही काही अडले नसते.

४

पार्श्वभूमीत मांजर दिसले, एवढ्यावरून ते आगंतुक ठरत नाही. विवेचनाच्या सोयीसाठी तीन वर्ग कल्पिता येतात. कथेच्या गरजेने आणलेले ते नियोजित मांजर. आपणहून आलेले, परंतु दिसल्यावर दिग्दर्शकाने किंवा नटाने सामावून घेतलेले ते स्वीकृत मांजर. कोणाच्याही ध्यानात न येता किंवा ध्यानात येऊनही दुर्लक्षित राहून फितीवर उमटलेले ते आगंतुक मांजर.

या वर्गांच्या सीमा पक्क्या नाहीत. मॅक सेनेट याच्या कीस्टोन कंपनीतील 'पेपर' नावाच्या करड्या मांजरीची कथा याचे चांगले उदाहरण आहे. चित्रण चालू असताना ती फळ्यांच्या फटीतून मंचावर आली, सेनेटला ती पसंत पडली, आणि पुढे ती कंपनीच्या विनोदी चित्रपटांत 'टेडी' या मोठ्या कुत्र्याबरोबर नियमाने कामे करू लागली, अशी आख्यायिका आहे. चित्रपट कंपन्यांच्या प्रसिद्धी-विभागांना अशा कथा रचण्याची सवय होती. म्हणून तिचा तपशील जसाच्या तसा प्रमाण मानता येणार नाही. परंतु आगंतुकाचे स्वीकृत आणि स्वीकृताचे नियोजित होणे कसे घडू शकते, हे ती नेमके दाखविते. पहिल्या दिवशी जी साक्ष होती, ती दुसऱ्या दिवशी भूमिका झाली.

तेव्हा वर्ग ठरविण्यासाठी काही कसोट्या हव्यात. पहिली कसोटी नटांच्या दृष्टीची. दृश्यातील पात्रे मांजराकडे पाहतात काय, त्याला वाट देतात काय, हे पाहावे. दुसरी कसोटी चौकटीच्या रचनेची. नियोजित वस्तूला प्रकाश व मोकळी जागा दिलेली असते. आगंतुक मांजर खांबाआड अर्धे झाकलेले किंवा कडेला तुटलेले असते. तिसरी कसोटी संकलनाची. मांजराच्या हालचालीनंतर निकटदृश्य किंवा मजकुराची पाटी येत असेल, तर ते कथेत घेतलेले आहे, हे उघड आहे. चौथी कसोटी सातत्याची. लागोपाठच्या दोन दृश्यखंडांत एकच जागा व एकच वेळ दाखविली असताना पहिल्यात असलेले मांजर दुसऱ्यात कारणावाचून नाहीसे झाले असेल, तर त्याची योजना कोणी केली नव्हती, असे अनुमान बळकट होते. १९१७ च्या सुमारास अमेरिकन चित्रपटांत सातत्यपूर्ण संकलनाची पद्धत स्थिर झाली, आणि त्यानंतर असे नाहीसे होणे हा दोष मानला जाऊ लागला. म्हणून ही कसोटी त्यानंतरच्या चित्रपटांना अधिक चांगली लागू पडते.

कोणतीही एक कसोटी निर्णायक नाही. चारही एका दिशेने जातील तेव्हाच मांजराला आगंतुक म्हणावे. साहित्यविचारात याच्या जवळचा एक प्रश्न रोलाँ बार्त याने १९६८ मध्ये उपस्थित केला होता. फ्लोबेरच्या कथेतील भिंतीवरचे वायुभारमापक कथानकाला काहीच देत नाही. मग ते तेथे कशासाठी आहे? बार्तच्या मते असे निरुपयोगी तपशील 'हे खरे आहे' एवढेच सांगतात. परंतु फ्लोबेरचे वायुभारमापक लेखकानेच भिंतीवर टांगले आहे. त्याचा निरुपयोगीपणाही रचलेला आहे. आगंतुक मांजर कोणीही ठेवलेले नाही. ते वास्तवाचा आभास उत्पन्न करीत नाही, तर त्या दिवशी त्या जागी घडलेल्या एका गोष्टीचे चिन्ह मागे ठेवते. धुरावरून अग्नी जाणावा, त्या जातीचे हे चिन्ह आहे.

५

भाषेच्या अभ्यासकांना ही विचारसरणी अपरिचित नाही. लेखक जे शुद्ध लिहितो त्यावरून त्याच्या काळचा लेखनसंकेत कळतो. परंतु तो जेथे चुकतो, तेथे त्याच्या काळचा उच्चार कळतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या भिंतींवर लोकांनी खरडलेला मजकूर लॅटिनच्या इतिहासात मोलाचा ठरला, तो याच कारणाने. शब्दान्तीचा 'म्' गळालेला दिसतो, संयुक्त स्वराच्या जागी साधा स्वर लिहिलेला आढळतो. खरडणाऱ्याला भाषेविषयी काहीच सांगावयाचे नव्हते. म्हणूनच भाषेविषयीची त्याची साक्ष ग्राह्य ठरते.

पाठचिकित्सेत तर नकळत राहिलेल्या खुणांचे स्थान याहूनही मोठे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी या कार्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यात पोथ्यांचे परस्परसंबंध निश्चित करणे हा पाया होता. पाठचिकित्सेचा एक सर्वमान्य सिद्धान्त असा, की दोन पोथ्यांत योग्य पाठ समान असला तर त्यावरून फारसे काही निष्पन्न होत नाही. परंतु स्वतंत्रपणे होणे संभवत नाही असा अपपाठ दोहोंत समान असला, तर त्या एका पूर्वजापासून आल्या असे मानता येते. लेखनिकाने ठेवू नये ते ठेवले, म्हणून पोथीची वंशावळ जुळते.

मूकपटांच्या प्रतींनाही अशी वंशावळ असते. त्या काळी पुष्कळदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून एकाच वेळी दोन निगेटिव्ह तयार करीत. एक देशातील प्रदर्शनासाठी, दुसरी परदेशी पाठविण्यासाठी. काही वेळा दुसऱ्या निगेटिव्हसाठी त्याच दृश्याचे वेगळे चित्रण वापरीत. आज एखाद्या चित्रपटाच्या दोन प्रती दोन देशांत सापडल्या, तर त्या कोणत्या निगेटिव्हपासून आल्या, हे ठरवावे लागते. नट प्रत्येक वेळी तोच अभिनय शक्य तितका सारखा करतो. तेच तर त्याचे कौशल्य. मांजर मात्र तीच हालचाल त्याच क्षणी दुसऱ्यांदा करीत नाही. दोन प्रतींत ते त्याच क्षणी त्याच हालचालीत असून केवळ दृष्टिकोन किंचित सरकलेला दिसला, तर शेजारच्या कॅमेऱ्याचा संभव आहे. एका प्रतीत ते असून दुसरीत त्याच क्षणी नसले, तर चित्रणच वेगळे आहे. कारखान्याच्या फाटकातील घोड्यांनी जे काम केले, तेच काम येथे मांजर करते.

पार्श्वभूमीच्या सूक्ष्म वाचनाने ऐतिहासिक निर्णय बदलतात, याचे सर्वमान्य उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तेथील मार्केट स्ट्रीटवरून जाणाऱ्या गाडीच्या पुढील भागातून घेतलेले एक चित्रण पुष्कळ वर्षे १९०५ सालचे मानले जात असे. डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरील पाण्याची डबकी, सावल्यांची दिशा आणि मोटारींचे नोंदणी-क्रमांक तपासून ते १९०६ च्या वसंतातील, म्हणजे १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाच्या अगदी थोडे दिवस आधीचे असल्याचे दाखविले. जे चित्र केवळ जुन्या शहराची फेरी वाटत होते, ते नष्ट होऊ घातलेल्या शहराचे शेवटचे दर्शन ठरले. आणि हा निर्णय डबक्यांनी दिला. चित्रणस्थळांचा शोध घेणाऱ्या जॉन बेंगटसन याने २००० सालापासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतही हीच पद्धत आहे. चॅप्लिनचा 'द किड', कीटनचा 'कॉप्स' आणि लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' या १९२१ ते १९२३ मधील तीन चित्रपटांत हॉलिवूडची एकच गल्ली आहे, हे त्याने पाठीमागच्या भिंती व दारे जुळवून सिद्ध केले. भिंत, डबके आणि मांजर यांचा दर्जा या पद्धतीत सारखाच आहे.

६

या साक्षीच्या मर्यादा मात्र कटाक्षाने ध्यानात ठेवावयास हव्यात. फितीवरील मांजर म्हणजे प्रत्यक्ष मांजर नव्हे. रसायन, यंत्र आणि प्रत या तीन चाळण्यांतून ते आपल्यापर्यंत पोहोचलेले असते.

पहिली चाळणी रंगाची. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्वसामान्यपणे जी फीत वापरली जाई, तिला निळा व हिरवा प्रकाश जाणवे, परंतु तांबडा प्रकाश जाणवत नसे. परिणामी तांबूस रंगाचे मांजर त्या फितीवर अपेक्षेपेक्षा बरेच काळसर उमटते. तेव्हा पडद्यावर दिसणारे गडद मांजर खरोखर काळे होते, असे म्हणण्यास आधार नाही. आणि दोन चित्रपटांतील 'काळी' मांजरे एकच होती, असे म्हणण्यास तर मुळीच नाही. लिंगाविषयीही हेच. मराठीने बोका व मांजरी या शब्दांबरोबर 'ते मांजर' असा नपुंसकलिंगी सामान्य प्रयोग हाताशी ठेवला आहे. मूकपटाच्या अभ्यासकाने तोच वापरणे प्रामाणिकपणाचे होय.

दुसरी चाळणी गतीची. मूकपटाची फीत बहुधा हाताने फिरविली जाई, आणि तिचा वेग ठरीव नव्हता. सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपासपासून तो पुढे वाढत गेला. बोलपटांबरोबर चोवीस चौकटींचा वेग स्थिर झाला. जुनी फीत या नव्या वेगाने दाखविली की माणसे तुरुतुरु चालतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मांजराच्या बाबतीत ही चूक अधिक फसवी ठरते. कारण त्याची मंद चाल धावण्यासारखी दिसते, आणि पाहणारा 'ते घाबरून पळाले' असा अर्थ करतो. वेग निश्चित केल्यावाचून वर्तनाविषयी विधान करू नये.

तिसरी चाळणी चौकटीच्या कडेची, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत घातक आहे. मूकपटाचे चित्र फितीवरील दोन्ही बाजूंच्या छिद्रांमधली सगळी रुंदी व्यापीत असे. बोलपट आल्यावर एका बाजूची पट्टी ध्वनिरेषेला द्यावी लागली. त्यानंतर पुष्कळ मूकपटांच्या प्रती बोलपटाच्या मापाच्या झरोक्यातून काढण्यात आल्या, आणि चित्राच्या डाव्या बाजूचा एक पट्टा कापला गेला. नट मध्यभागी असल्याने त्याची हानी फारशी जाणवत नाही. आगंतुक मांजर मात्र स्वभावतःच कडेला असते. जी प्रत पाहून 'येथे मांजर नाही' असे म्हटले जाईल, त्या प्रतीतून ते कात्रीवाचून कापले गेलेले असू शकते. अभावाचा पुरावा देताना प्रत कोणती व तिची चौकट पूर्ण आहे काय, हे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चौथी मर्यादा पाहणाऱ्याची. जो मांजर शोधावयास निघतो, त्याला कोपऱ्यातील प्रत्येक सावलीत मांजर दिसण्याचा संभव असतो. एका चौकटीवरून निर्णय न करता लागोपाठच्या अनेक चौकटींत आकार व हालचाल सुसंगत आहे काय, हे पाहावे. शक्य तर दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करावी. शिलालेखातील पुसट अक्षर वाचताना जी सावधगिरी घेतली जाते, तीच येथे पुरेशी आहे.

७

या सर्वांहून मोठी अडचण साधनांच्या नाशाची आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स यांच्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळात त्या देशात प्रदर्शित झालेल्या १०,९१९ दीर्घ मूकपटांपैकी मूळ स्वरूपात संपूर्ण उरलेले चित्रपट केवळ शेकडा १४ आहेत. आणखी शेकडा ११ परदेशी आवृत्तींच्या किंवा कमी प्रतीच्या नकलांच्या रूपाने उपलब्ध आहेत. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते आणि आपोआप कुजतेही. न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे ९ जुलै १९३७ रोजी फॉक्स कंपनीच्या कोठाराला लागलेल्या आगीत तिच्या मूकपटांचा मोठा साठा जळाला.

भारतातील स्थिती याहून बिकट आहे. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा अपूर्ण स्वरूपात उरलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास सांगितली जाते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे व माकडांच्या खेळाचे चित्रण केले होते. ते आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच्या नावाने आज जे उरले आहे ते अपुरे आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा मूकपटांचा काळ संपून तीस वर्षे होत आली होती. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा एक साठा पुन्हा नष्ट झाला.

साधने इतकी थोडी उरली असताना त्यांतील प्रत्येक चौकटीची कडसुद्धा मोलाची ठरते. फाळक्यांच्या चित्रपटांचे कथानक पुराणांतून कळू शकते, त्यांच्या योजना त्यांच्या लेखांतून कळू शकतात. चित्रणाच्या दिवशी त्या अंगणात काय होते, कोणते जनावर कोठून आले, मागच्या भिंतीचा गिलावा कसा होता, हे मात्र केवळ फीतच सांगू शकते. अशी माहिती कोणत्याही संहितेत लिहिली जात नाही. कारण ती लिहावी असे त्या वेळी कोणालाही वाटणे शक्य नव्हते.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा, की जुन्या फितींची नवी प्रत काढताना छिद्रांपासून छिद्रांपर्यंतची संपूर्ण चौकट उतरवून घेतली जावी, आणि 'अनावश्यक' म्हणून कोणतीही कड छाटली जाऊ नये. कोणती कड आवश्यक ठरेल, हे प्रत काढणाऱ्याला आधी ठरविता येत नाही. दुसरा असा, की संग्रहालयांच्या सूचींत कथा, नट व लांबी यांच्याबरोबर पार्श्वभूमीतील प्राणी, वाहने, पाट्या व हवामान यांची नोंद प्रत व चौकट यांच्या निर्देशासह केली जावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे हे काम आहे. त्याला मोठी सामग्री लागत नाही. चिकाटी आणि जे दिसत नाही ते दिसले असे न म्हणण्याची शिस्त, एवढेच लागते. अशा नोंदी साठत गेल्या म्हणजे प्रतींचा संबंध, चित्रणाचा काळ व स्थळ यांविषयीचे पुष्कळ वाद केवळ तर्कावर न राहता पुराव्यावर सोडविता येतील. त्या पुराव्यात कुंपणावर बसलेल्या एखाद्या मांजराचीही नोंद असेल, आणि ती इतर नोंदींइतकीच काटेकोरपणे केलेली असली पाहिजे.